साठ किलोचा नवस

"विहीणबाई, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही," उपेंद्रराव म्हणाले आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसले. "तुम्हालाच काय, कुणालाच वाटायचं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून, नाहीतर मीही म्हणालो असतो की म्हातारा फेकतोय."

विभावरीबाई पाटणकरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शनिवारची दुपार, शारजात शिरताना लागलेला ट्रॅफिक, अबुधाबीच्या खलिफा सिटीहून दोन तास गाडीत, आणि एवढं करून आल्या त्या पाण्याच्या पेल्याला न शिवता बसल्या होत्या. शेजारी मुलगा निखिल. पायाशी एक जाड कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. साखरपुड्याला उपेंद्ररावांच्या नातीकडून, ईश्वरीकडून, गेलेलं सगळं तिच्यात होतं. निखिलच्या सुटाचं कापड, चांदीची वाटी, विभावरीबाईंची पैठणी. नारळसुद्धा, शेंडीसकट.

ती पिशवी उघडायच्या आत आपण तोंड उघडायचं, एवढंच काम उपेंद्ररावांपुढे होतं. पिशवी उघडली की नातीचं लग्न मोडलं. तशीच परत गेली की टिकलं.

तोंड उघडण्यात ते आयुष्यात कधी कमी पडले नव्हते. शारजातल्या अल मजाजमधल्या त्यांच्या इमारतीचा वॉचमन मुनीर अजूनही त्यांना 'कप्तानसाब' म्हणतो, कारण या गृहस्थांनी वादळात बुडणारी बोट एका हाताने बंदराला लावली होती अशी त्याची पक्की समजूत आहे. उपेंद्रराव गद्रे मुंबईच्या गोदीत हजेरीपटावर नावं लिहीत. बोटीवर ते एकदाच चढले होते आणि उलटी करून उतरले होते. पण थाप मारताना त्यांची नजर ढळत नसे, आवाज खाली जात नसे, आणि तपशील असे टाकत की खोटं म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी. मुलगा निनाद कोविडात गेला, त्यानंतर सून लतिकाच्या पगारावर आणि म्हाताऱ्याच्या जिभेवर ते घर चार वर्षं चाललं होतं. पगाराने भाडं भरलं जाई. जिभेने हवा राही.

आता हे प्रकरण पिशवीपर्यंत कसं आलं ते ऐका. हे मात्र जसं घडलं तसं आहे.

निखिल तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढत नव्हता, तेव्हा विभावरीबाईंनी देवीला नवस बोलला होता. लग्न ठरू दे, साखरपुड्याला सुनेची साखरतुला करीन, साठ किलो साखर गोरगरिबांना वाटीन. तराजूच्या एका पारड्यात सून, दुसऱ्यात साखर. साठच का, तर त्यांच्या मनातली सून साठ किलोची होती. पुढे निखिलने युनिव्हर्सिटीपासूनची मैत्रीण घरी आणली. ती ईश्वरी. शारजात वाढलेली, इन्शुरन्स कंपनीत नोकरीला, हसरी, आणि एकोणसत्तर किलो.

पहिल्याच भेटीत बाईंनी आकडा विचारून घेतला आणि बशीतला बाकरवडीचा तुकडा तिच्यापुढून अलगद उचलून निखिलच्या पुढे ठेवला.

लतिका बिचारी म्हणाली, "अहो, साखरच थोडी वाढवू की. नऊ किलो जास्त वाटली तर पुण्यच आहे."

"साखर मी वाढवीन हो," विभावरीबाई म्हणाल्या. "साखरेला काय तोटा, ह्यांचं गोडाऊनच आहे रास अल खोरला. पण देवीला आकडा सांगून बसलेय मी. तिला साठ सांगायचे आणि पारड्यात एकोणसत्तर बसवायचे, ही फसवणूक झाली. आणि दुसरं म्हणजे, फोटोत साखर कोण बघतंय?"

निखिल म्हणाला, "मॉम, इट्स जस्ट अ रिच्युअल." मग त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं ते जेवणाची पानं वाढेपर्यंत वर काढलं नाही. ईश्वरीला तो हवा होता. कसाही असला तरी हवा होता. ती म्हणाली, "इट्स ओके, आंटी. आय विल ट्राय."

उपाय बाईंपाशी तयार होता. दुबईत एक कोरियन डॉक्टरीण होती, डॉक्टर पेक. जुन्या कोरियन पद्धतीने नाडी बघून काढे देई. बाईंचं स्वतःचं अकरा किलो वजन तिथे उतरलं होतं. तिथल्या काउंटरवरची हैदराबादची हुमेरा येईल त्याला हिंदीत सगळं समजावून देई. आपल्याकडे वात-पित्त-कफ, तशा त्यांच्याकडे माणसाच्या चार जाती. माणूस ज्या जातीचा जन्मतो त्याच जातीचा मरतो, मध्ये बदल नाही. वजन सगळ्यांचं वाढतं, पण ते उतरवायचं औषध जात बघून द्यायचं. थेउमिन म्हणजे दणकट माणूस. भूक जबर, अंग गरम, घाम आला की त्याला हलकं वाटतं. त्याला घाम काढणारा उष्ण काढा सोसतो आणि वजन भराभर उतरतं. सोउमिन त्याच्या उलट. हातपाय गार, पोट नाजूक, दोन घास जास्त झाले की पोट फुगणार, घाम आला की गळून जाणार. तो कितीही जाड दिसला तरी आतून थंडच. त्याला आधी पोट सुधारणारं सौम्य औषध द्यायचं आणि सहा महिने धीर धरायचा. सोउमिनला चुकून थेउमिनचा काढा गेला तर काळीज पळत सुटतं.

"यानी सबसे पहले सच बोलना पड़ता है," हुमेरा म्हणाली होती. "दवा तो बाद की बात है."

नेमकं तेच उपेंद्ररावांना जमण्यातलं नव्हतं.

म्हणजे असं पाहा. खोलीत टेबलापलीकडे डॉक्टर, शेजारी दुभाषी म्हणून हुमेरा. अलीकडे ईश्वरी, तिच्या एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला आई. आणि भिंतीला टेकून, मांडीवर पर्स घेऊन, होणारी सासू. डॉक्टरला हा दवाखाना वाटत होता. उपेंद्ररावांच्या दृष्टीने हा मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता. त्यांच्या तीन बहिणी अशाच खुर्चीवर बसून उजवल्या गेल्या होत्या, आणि अशा वेळी मुलीने गप्प बसायचं, मोठ्यांनी उत्तरं द्यायची, आणि उत्तरात दोष म्हणून काढायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं.

"भूक कशी लागते?" डॉक्टरने ईश्वरीला विचारलं.

"ॲक्चुअली, इव्हन इफ आय ईट अ लिटल, आय..."

"दणकून लागते," उपेंद्रराव हिंदीत म्हणाले. "चार पुरणपोळ्या खाऊन विचारते, जेवायला काय आहे."

हुमेराने ते इंग्रजीत केलं. डॉक्टरने लिहून घेतलं.

"झोप?"

"उशीला डोकं लागायच्या आत. एकदा फायर अलार्म झाला, अकरा मजले खाली पळाले, ही वर घोरत..." इथे त्यांनी भिंतीकडे एक नजर टाकली. "म्हणजे शांत झोपलेली."

"घाम आल्यावर थकवा येतो?"

"छे. घाम आला की ही गाणं म्हणते."

"छातीत धडधड?"

"आमच्या घराण्यात काळीज म्हणजे घड्याळ. चावी द्यायचीसुद्धा गरज नाही."

लतिका एकदा म्हणाली, "बाबा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग डॉक्टर पेकने ईश्वरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, आणि जरा वेळ तसेच धरून ठेवले. "हात खूप गार आहेत," ती म्हणाली.

"ज्यूसचा ग्लास धरला होता," उपेंद्रराव म्हणाले.

हुमेराने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ग्लास नव्हता. खोलीत कुठेच नव्हता.

आणि हे कोण बोलत होतं? ईश्वरी तीन वर्षांची असताना डिसेंबरातल्या एका सकाळी त्या पोरीने आजोबांच्या मानेवर मागून दोन्ही पंजे ठेवले होते, आणि म्हातारा हातभर उडाला होता. त्या दिवसापासून तिचं घरातलं नाव कुल्फी. कुल्फे, चष्मा दे. कुल्फे, शाळेला उशीर होतोय. जूनच्या उकाड्यात लिफ्ट बंद पडली की ते तिला शेजारी उभं करत आणि तिचे हात स्वतःच्या गालांना लावून घेत. पण पाटणकरांशी बोलणी सुरू झाल्यापासून बाहेरच्यांसमोर ते नाव घ्यायचं नाही असा त्यांनीच घरात हुकूम काढला होता. गार हातांची मुलगी म्हणजे आजारी मुलगी, अशी शंका कुणाला कशाला द्या.

डॉक्टर पेकने पेन खाली ठेवलं. "मला तिच्याकडून ऐकायचं आहे," ती म्हणाली.

ईश्वरीने आधी आजोबांकडे पाहिलं, मग मागे वळून पर्सवाल्या बाईंकडे. सोउमिन निघाली तर सहा महिने. सहा महिन्यांत नवस शिळा होणार, आणि बाईंच्या मनातून ती उतरणार. "ही इज राइट," ती म्हणाली. "आय ॲम फाइन."

डॉक्टरने थेउमिन असं लिहिलं. झोप उडाली किंवा काळीज पळायला लागलं तर काढा त्याच क्षणी थांबवायचा आणि मला फोन करायचा, असं तीनदा सांगितलं. महिन्याच्या काढ्याची सीलबंद पाकिटं एका खोक्यात आली. "अठराशे दिरहम," उपेंद्रराव लिफ्टमध्ये मोठ्याने म्हणाले, "म्हणजे त्रेचाळीस हजार रुपये. सोनं पितेस पोरी, सोनं."

विभावरीबाई गाडीत बसताना खूश होत्या. "माझ्याच जातीची निघाली हो. सासू-सुनेचा काढाही एकच."

पाचव्या दिवसापासून ईश्वरीची झोप गेली. आठव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना ती दाराशी बूट घालायला वाकली आणि तशीच बसून राहिली.

"आजोबा, माय हार्ट इज रेसिंग. कानात ऐकू येतंय मला."

उपेंद्ररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली काहीतरी जुन्या फ्रीजच्या कंप्रेसरसारखं थडथडत होतं. त्यांना कळलं. न कळायला ते काही मूर्ख नव्हते. त्यांनी हात काढून घेतला.

"इंजिन तापलंय," ते म्हणाले. "चरबी जळतेय आत. जळताना आवाज यायचाच."

"डॉक्टरला फोन करू? शी सेड..."

"फोन केलास की ती काढा बंद करणार. काढा बंद झाला की तुझ्या सासूचा देव रागावणार. आज किती आहे?"

"सिक्स्टी सिक्स."

"बघ. तीन गेले. सहा राहिले. यल्ला, चल."

ती उठली. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून तिला आकड्याचा फोटो विभावरीबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवावा लागे. आकडा उतरलेला असला की उलट एक अंगठा येई. उतरलेला नसला की काही येत नसे, पण निळ्या खुणा येत, म्हणजे बघितलंय. ईश्वरी त्या अंगठ्यासाठी रात्रीचं जेवण सोडायला लागली. तिची बोटं टोकाला निळसर दिसायला लागली. लतिका म्हणाली, बाबा, हे थांबवा. ते म्हणाले, "लतिके, माझ्या आत्येबहिणीने लग्नाआधी चाळीस दिवस नुसतं ताक पिऊन काढले होते. चाळिसाव्या दिवशी ती चालताना जमिनीला पाय लावत नव्हती." त्यांना आत्येबहीण नव्हती.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी काट्याने साडेएकसष्ट दाखवलं.

खलिफा सिटीतल्या पाटणकरांच्या व्हिलाच्या अंगणात ऐंशी माणसं होती. निखिलचे वडील प्रकाशराव स्वभावाने गरीब, बायकोने सांगितलेलं करायचं आणि बाजूला उभं राहायचं एवढंच त्यांना येई. त्यांनी गोडाऊनच्या माणसांकडून लोखंडी खांब, आडवी दांडी आणि साखळ्यांना टांगलेली दोन पारडी करून आणली होती. वर झेंडूच्या माळा. एका पारड्यात साखरेचं पन्नास किलोचं पोतं आणि त्यावर दहाची एक थैली. दुसऱ्यात, मोरपंखी शालूत, हिरव्या चुड्यात, ईश्वरी.

तिचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

"हरकत नाही," विभावरीबाई हसून म्हणाल्या. "पाटल्या काढ."

पाटल्या काढल्या. मग गळ्यातला हार. मग कमरपट्टा. मग ओटीतला नारळ. दरवेळी ऐंशी माणसं दांडीकडे बघत, आणि दांडी होती तिथेच. खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, "श्वास सोड गं," आणि मोठा हशा पिकला. उपेंद्ररावही हसले. पाहुण्यांबरोबर हसलं नाही तर बरं दिसत नाही.

"अंबाडा मोकळा कर," विभावरीबाई म्हणाल्या. "गजराच अर्ध्या किलोचा असेल."

ईश्वरीने केसांकडे हात नेला. हात अर्ध्यावर थांबला. ती निखिलला शोधत होती. निखिल समोरच होता, मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढत होता, कारण आईने सांगितलं होतं की क्षण चुकवू नकोस. ईश्वरीने त्या मोबाइलकडे पाहून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढे पारड्याबाहेर पडली.

तिचं वजन निघून गेल्यावर साखरेचं पारडं धाडकन खाली आपटलं. पोतं उसवलं. पांढरीशुभ्र साखर फरशीवर पसरत गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अन्नाला पाय लागू नये हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यामुळे ऐंशी माणसं उठली, आणि ऐंशीच्या ऐंशी माणसं जागच्या जागी थबकली. "साखर, साखर, पाय बघा," असं सगळीकडून ऐकू यायला लागलं. बायकांनी साड्या वर धरल्या. कुणी चवड्यांवर, कुणी भिंतीच्या कडेकडेने. मध्ये ती मुलगी पालथी पडलेली, आणि तिच्यापर्यंत जायला वाट नाही. साखर तुडवत तिच्यापाशी पहिली पोचली ती लतिका. उपेंद्रराव खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिले होते.

दोन दिवस हॉस्पिटलात काढले. काळजाला यंत्राच्या तारा लावून ठेवल्या होत्या. काढा बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पेक स्वतः भेटायला आली, तिने ईश्वरीचा हात हातात घेतला आणि या वेळी ज्यूसबद्दल कुणी काही बोललं नाही. तिच्याबरोबर ती जुनी प्रश्नावली होती. "ही सोउमिन आहे," ती म्हणाली. "जन्मापासून. हात हातात असूनही मी माणसांवर विश्वास ठेवला, ही माझी चूक. या कागदावर जी उत्तरं आहेत ती दुसऱ्याच कुणाची तरी आहेत." आणि तिने उपेंद्ररावांकडे पाहिलं. रागाने नाही. मापं घ्यावीत तसं.

विभावरीबाई दाराशीच उभ्या होत्या. एवढ्या सगळ्यातला एकच शब्द त्यांनी उचलला. जन्मापासून. तीन आठवडे तो शब्द त्यांनी घरात फिरवला, आणि चौथ्या शनिवारी पिशवी भरली.

तर उपेंद्रराव सोफ्यावर मांडी ठोकून बसले होते.

"मला फिरवाफिरवी नको, काका," विभावरीबाई म्हणाल्या. "एवढंच सांगा. मुलगी जन्मापासून थंड प्रकृतीची, नाजूक, आणि तुम्ही ते माझ्यासमोर बसून लपवलंत. हो का नाही?"

"थंड?" उपेंद्रराव म्हणाले. "विहीणबाई, हिच्या हातांवर पापड भाजायचा."

निखिलने डोकं वर काढलं.

"खोटं वाटेल म्हणालो ना मी? उडदाचा पापड. सात वर्षांची होती. गॅस संपला होता, पाहुणे बसलेले. हिने दोन तळव्यांमध्ये धरला, तुम्ही चहा ढवळाल एवढा वेळ. फोड आले पापडाला. हिच्या हाताला नाही, पापडाला." ते थांबले, चष्मा पुसला. "आणि ते कबुतराचं अंडं. आमच्या बाल्कनीत एसीच्या डब्यामागे कबुतरं घालतात. आई सोडून गेलेली. हिने मुठीत घेतलं. शाळेत मुठीत, जेवताना मुठीत. तिसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मुठीतून चोच बाहेर. टीचर लेबनीज होती, ती खुर्चीवर चढली."

निखिल हसला. विभावरीबाईंचा चेहरा हलला नाही, पण पिशवीच्या बंदांवरचा त्यांचा हात सैल झाला. उपेंद्ररावांनी ते टिपलं. त्यांच्या डोळ्यांतून असल्या गोष्टी सुटत नसत.

"मग हात गार झाले कधी?" बाईंनी विचारलं.

"तेच सांगतोय. दवाखान्यात लागले ते ज्यूसच्या ग्लासाने. पहिला आठवडा काढ्याचा, करंगळी गेली. म्हणजे गार पडली. मी हात लावून बघत होतो रोज. दुसऱ्या आठवड्यात अनामिका. एकेक बोट विझत गेलं, विहीणबाई, देवासमोरच्या समया विझाव्यात तसं. तुमच्या तुलेच्या दिवशी फक्त अंगठे गरम होते. त्या बाईने दणकट मुलगी घेतली आणि काढे पाजून तिची जात बदलून टाकली. आणि वर म्हणते, जन्मापासून. आता हे कुणाला सांगायचं?"

लतिका जमिनीकडे बघत होती.

गंमत बघा, विभावरीबाईंना ते पटायला लागलं. पटवून घेण्यात सोय होती. ऐंशी लोकांसमोर सून पडली, याचं काहीतरी कारण लोकांना द्यायला हवं होतं. मुलगी आजारी म्हटलं तर निवड चुकली. नवस म्हटलं तर आपण चुकलो. परकी डॉक्टरीण म्हटलं की सगळे सुटले.

"मग तिला सोडायची नाही," त्या म्हणाल्या. "तक्रार करायची. तुम्ही लिहून द्याल? तुमच्या समोर घडलंय. लायसन्स जाईल तिचं."

उपेंद्ररावांनी चष्मा नाकावर सरकवला. "देतो की," ते म्हणाले. "तारीखवार देतो."

विभावरीबाईंनी टाचेने पिशवी मागे, सोफ्याखाली सारली. पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायल्या. उपेंद्ररावांच्या पाठीचा कणा एवढ्या दिवसांत प्रथमच सैल झाला. जिंकले. गोदीपासून आजपर्यंत मारलेल्या सगळ्या थापा या एका थापेची तालीम होती असं त्यांना वाटलं.

"मग एक राहिलं," बाई पेला ठेवून म्हणाल्या. "प्रकृती मुळात दणकट आहे म्हणताय, तर नवस असा अर्धवट टांगून ठेवणं बरं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तुला करू. घरच्या घरी, वीसेक माणसं. साखर मी नवीन आणवते. आता किती आहे ती?"

"त्रेसष्ट," लतिका म्हणाली.

"तीनच किलो. त्या बाईकडे आता जायचं नाही, पण माझी बारा पाकिटं फ्रीजमध्ये उरलीयत. मला कुठे काय झालं? ती द्यायची. काय म्हणता, काका? झेपेल ना?"

लतिकाने सासऱ्यांकडे पाहिलं. निखिलने आईकडे पाहिलं आणि मग मोबाइलकडे. उपेंद्ररावांच्या तळहाताला ते थडथडणं आठवलं, दाराशी बूट घालताना बसलेल्या पोरीच्या पाठीतलं. त्यांनी तळहात मांडीवर पुसला.

"तीन किलो म्हणजे काय," ते म्हणाले. "पंधरा दिवसांचं काम. पापड भाजणारे हात आहेत ते."

स्वयंपाकघराच्या दारात ईश्वरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कुणाला कळलं नाही. चहावर साय धरली होती, त्यावरून अंदाज करायचा. ती आली, ट्रे टीपॉयवर ठेवला, विभावरीबाईंसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाई दचकल्या, हात ओढायला लागल्या. तिने सोडला नाही.

"औषधाने गार झालेत ते," उपेंद्रराव घाईने म्हणाले. "सांगितलं ना मी, एकेक बोट. त्याआधी कधी म्हणजे कधी गार नव्हते. घरात कुणालाही विचारा. हिलाच विचारा."

ईश्वरीने मान वळवली. पाहुण्यांसमोर ती नेहमी इंग्रजीत बोले. आज बोलली नाही.

"मग आजोबा," ती म्हणाली, "मी तीन वर्षांची असल्यापासून तुम्ही मला कुल्फी का म्हणता?"